यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आणि मुदत संपलेले रोल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांत चौदा रोल झाले. चार ताजे, बाकीचे १९९८ ते २००८ दरम्यान मुदत संपलेले. आधी निकाल: ४५ मिमी एफ १.७ ची काच आजही अप्रतिम आहे, पण जुन्या रोलसाठी हा कॅमेरा हट्टी आहे. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, तुम्ही लावायचं, शटरचा वेग तो ठरवणार, ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत. वेग हाताने लावायची सोयच नाही. जुनी फिल्म मंदावते, तिला जास्तीचा प्रकाश द्यायचा तर हातात फक्त एएसएचं, म्हणजे फिल्म किती संवेदनशील ते कॅमेऱ्याला सांगणारं, चाक उरतं. आकडा उतरवला की प्रकाश वाढतो.

म्हणून पहिला रोल ताजाच घाला. जुना कॅमेरा आणि जुना रोल एकदम वापरला की बिघाड कुणाचा ते कळत नाही.

मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते, रंगीत निगेटिव्हवर फरक दिसत नाही. ती मूळ बॅटरीपेक्षा बारीक आणि आखूड असते. जाड कागदाची नळी करून तीत बसवा आणि उरलेल्या लांबीत स्प्रिंग घाला. चांदीच्या कागदाचा बोळा कोंबू नका, तो हलतो आणि जोड तुटतो. मग शटर प्रत्येक वेळी १/५०० वरच उडतं. दिवसाउजेडी नुसत्या आवाजावरून हे ओळखू येत नाही आणि सबंध रोल फिका निघतो. रोल घालण्याआधी आणि मध्ये एकदा मागचं बॅटरी तपासायचं बटण दाबाच.

विकत घेताना फिल्म सरकवायचा लीव्हर ओढून कान द्या. आत ‘टक्’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. तो नसेल तर आतली रबराची छोटी गादी विरघळली आहे आणि एक्सपोजरचा भरवसा नाही. ते काम जाणत्या कारागिराचंच. मागच्या झाकणाचा फोम मात्र घरी बदलता येतो. चिकट झालेला जुना फोम आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बांबूच्या काडीने खरवडायचा, खाचेत काळी लोकर बसवायची. चुरा शटरच्या पात्यांवर पडू देऊ नका.

आता रोल. दर दहा वर्षांना एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, हा नियम रंगीत निगेटिव्हला बऱ्यापैकी लागू पडतो. २०० एएसएचा, वीस वर्षांपूर्वी मुदत संपलेला रोल ५० वर लावायचा. फ्रिजमध्ये राहिलेला असेल तर १०० पुरे. पत्र्याच्या कपाटात उन्हाळे काढलेल्या रोलला २५ सुद्धा कमी पडू शकतं, आणि चाक २५ च्या खाली जात नाही. इथे एक युक्ती चालते. या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक लेन्समधून पाहत नाही, त्याची खिडकी वर वेगळी आहे. तिच्यावर ०.३ घनतेच्या एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणाऱ्या करड्या, जिलेटिनचा तुकडा चिकटवला की कॅमेरा एक स्टॉप जास्त देतो. याच कारणाने लेन्सवर पिवळा फिल्टर लावला तर मापकाला त्याचा पत्ता नसतो, एएसए आपणच एका स्टॉपने उतरवायचा. ५० वर संध्याकाळी पिवळा दिवा लवकर लागतो. वेग १/३० च्या खाली गेला असा त्याचा अर्थ, तेव्हा स्टँड बरोबर ठेवा.

स्लाइडला, म्हणजे थेट पॉझिटिव्ह चित्र देणाऱ्या फिल्मला, हा नियम लावू नका. अर्धा, फार तर एक स्टॉप. त्यापुढे उजळ भाग धुऊन निघतो. कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म कोडाक्रोम हाती आली तर रंग विसरा. ती धुण्याच्या के-१४ प्रक्रियेची शेवटची लॅब, कॅन्ससमधली ड्वेन्स फोटो, तिने २०१० च्या अखेरीस रोल घेणं बंद केलं.

दोष कुणाचा हे कसं ओळखायचं? निगेटिव्ह पांढऱ्या पडद्यावर धरा आणि छिद्रांमधली कडा पाहा. तिथे प्रकाश पडलेलाच नसतो. कडाच काळपट असेल तर तो फॉग, म्हणजे प्रकाश न पडताच चढलेली काळपटी, आणि दोष फिल्मचा. कडा स्वच्छ पण फ्रेम फिकी, तर प्रकाश कमी पडलाय. आधी बॅटरीचा जोड बघा, मग एएसए. प्रिंटमध्ये किंवा स्कॅनमध्ये प्रत्येक फ्रेमवर त्याच जागी लाल-केशरी पट्टा आला तर फोम गळतोय. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुष्कळ रोल वाचतात.

लॅबला ‘पुश करा’, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करा, असं सांगू नका. फॉगही तेवढाच चढतो. काळा-पांढरा घरीच धुवावा. पूर्व जर्मनीचा ओर्वो एनपी २२ किंवा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू, असे काळे-पांढरे रोल अजून जुन्या स्टुडिओंच्या कपाटांतून निघतात. डी-७६ या डेव्हलपरसाठी एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाणी ५० अंशांच्या आसपास, आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग बाकीचं. फॉग आवरायला बेंझोट्रायाझोलचं एक टक्क्याचं द्रावण लिटरला १० मिली. जास्त घातलं तर फिल्मचा वेगही, म्हणजे संवेदनशीलता, मरतो. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी ३० अंशांवर असतं, त्यामुळे डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी तिन्ही बर्फाच्या घमेल्यात २० वर आणा. नाहीतर जुनं इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा थर, मऊ पडून बोट लागताच सुटतं.

८०० एएसएचे जुने रोल मी आता घेतच नाही. वेगवान फिल्म सर्वांत आधी नासते, फ्रिजमध्ये ठेवूनही. १०० चा पंचवीस वर्षांचा रोल तिच्यापेक्षा चांगला निघाला. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, ती ओल धरते आणि काचेवर बुरशी चढते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आणि जेलचा रंग उतरला की भाजून पुन्हा वापरा.