ऑर्ग-मोड वापरून 11 महिने: यादी आटली, घड्याळ राहिलं

मागच्या वर्षी माझ्या कामांच्या याद्या पाच ठिकाणी होत्या. कंपनीचा ट्रॅकर, स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या, एक वही आणि कोडमध्येच लिहून ठेवलेल्या 'टूडू' (म्हणजे 'करायचंय') कॉमेंट. शेवटच्या प्रकाराबद्दल काय बोलावं! त्यातली एक तीन वर्षं जुनी निघाली आणि ब्लेम (ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी गिटची सोय) लावून पाहिलं तर नाव माझंच.

ईमॅक्स हा एडिटर मी आधीपासून वापरत होते, पण तो जवळजवळ फक्त मॅगिटसाठी, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट त्यातूनच चालवण्यासाठी. गिटचं काम तिथे इतकं सोपं होतं की बाकी कोड दुसऱ्या एडिटरमध्ये लिहूनही कमिट करायला मी ईमॅक्समध्येच यायची. त्यामुळे ऑर्ग-मोड, म्हणजे नोंदी आणि कामांच्या याद्या ठेवायची ईमॅक्सची सोय, नव्याने बसवायचा नव्हता. तो 2007 च्या ईमॅक्स 22 पासून सोबतच येतो. कार्स्टन डॉमिनिक या ॲम्स्टरडॅममधल्या खगोलशास्त्रज्ञाने तो 2003 मध्ये लिहायला घेतला. फाइल साध्या मजकुराची असते. ओळीच्या सुरुवातीला एक चांदणी दिली की मथळा, दोन दिल्या की पोटमथळा. मथळ्याला 'टूडू' लावलं की ते काम म्हणून धरलं जातं, उरकलं की त्याचं 'डन' करायचं. आणि 'अजेंडा' नावाचं एक पान सगळ्या फाइलींमधली तारखेची कामं गोळा करून समोर मांडतं.

पहिले दोन महिने मी काम केलं नाही, काम कसं करायचं याची सजावट केली. प्राधान्याची अक्षरं, त्यांना रंग, सतरा टॅग, सवयींचा आलेख, कामाच्या सहा अवस्था. 'वाट पाहतेय' आणि 'अडकलंय' यांत फरक काय यावर एक अख्खी रविवार दुपार गेली. लोकांच्या कॉन्फिग (ईमॅक्सच्या सेटिंगच्या फाइली) वाचायचा नाद वाईट. दागिन्यांच्या दुकानात नुसतं बघायला गेल्यासारखं होतं, रिकाम्या हाताने कोणी परत येत नाही. आज माझ्या कॉन्फिगमध्ये ऑर्गच्या साठेक ओळी उरल्यात आणि अवस्था तीनच: टूडू, वाट, डन.

सजावटीपेक्षा जास्त त्रास दिला तो एका गैरसमजाने, आणि चूक माझीच होती. ऑर्गमध्ये 'शेड्यूल्ड' आणि 'डेडलाइन' अशा दोन तारखा लावता येतात. मी त्या एकच समजत होते. 'शेड्यूल्ड' म्हणजे काम हातात घ्यायचा दिवस. त्या दिवशी झालं नाही तर ते काम दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज अजेंडात येत राहतं आणि शेजारी कितवा दिवस तो आकडा वाढत जातो. 'डेडलाइन' म्हणजे शेवटची तारीख, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर ती 14 दिवस आधीपासून दिसायला लागते. मी उत्साहाने प्रत्येक कामाला 'शेड्यूल्ड' लावत सुटले. दीड महिन्यात सोमवार सकाळचा अजेंडा वाण्याच्या उधारीच्या वहीसारखा झाला. एका कामापुढे 23 आकडा होता. ते काम काय, तर आमच्या कोडमध्ये वापरलेल्या एका लायब्ररीची आवृत्ती वाढवणं.

मग एका संध्याकाळी बसून बहुतेक तारखा काढून टाकल्या. आता 'शेड्यूल्ड' लागते ती फक्त ज्या दिवशी खरंच सुरू करणार त्या कामाला. बाकीची कामं बिनतारखेची पडून राहतात, शुक्रवारी दुपारी एकदा त्यांच्यावरून नजर फिरवते, निम्मी खोडते. खोडण्यात जी मजा आहे ती पूर्ण करण्यात नाही, हे मी टीम लीडसमोर बोलत नाही.

पुन्हापुन्हा येणाऱ्या कामांची सोय मात्र मनापासून आवडली. साधं अधिक चिन्ह लावलं तर पुढची तारीख ठरलेल्या तारखेपासून मोजली जाते, अधिकच्या आधी टिंब दिलं तर काम ज्या दिवशी केलं त्या दिवसापासून. सोसायटीचा मेंटेनन्स पहिल्या प्रकारात बसतो, डिपेन्डन्सी अपडेट (वापरलेल्या लायब्ररींच्या आवृत्त्या वाढवणं) दुसऱ्या.

आता मुख्य गोष्टी. पहिली कॅप्चर, म्हणजे सुचलेलं पटकन टिपणं. कुठेही असले तरी दोन-तीन कळा दाबल्या की छोटी खिडकी उघडते, एक ओळ लिहायची, खिडकी बंद, आणि कर्सर जिथे होता तिथेच. यासाठी मी हळूहळू कोडसुद्धा ईमॅक्समध्येच लिहायला लागले, कारण कॅप्चर करताना ज्या ओळीवर होते त्या ओळीचा दुवा नोंदीत आपोआप येतो. पूर्वी मी 'तो टाइमआउट नीट कर' असं लिहायची आणि आठवड्याने कुठला टाइमआउट हे शोधण्यात पंधरा मिनिटं घालवायची. हा दुवा ओळीच्या क्रमांकावर चालत नाही, ओळीतल्या मजकुरावर चालतो. वर चाळीस ओळी वाढल्या तरी तो बरोबर जागी नेतो. ती ओळच कोणी बदलली की मात्र तुटतो. आमच्याकडे मोठं रिफॅक्टरिंग (कोडची फेरमांडणी) झालं तेव्हा माझे बरेच दुवे एका दिवसात मेले. म्हणून आता दुव्याखाली फंक्शनचं नाव हातानेही लिहिते.

दुसरी गोष्ट घड्याळ. हे मी सुरुवातीला बघितलंसुद्धा नव्हतं. कामावर उभं राहून क्लॉक चालू केलं की मथळ्याखाली लॉगबुक नावाच्या कप्प्यात सुरुवातीची वेळ पडते, बंद केलं की शेवटची वेळ आणि एकूण मिनिटं. दुसऱ्या कामाचं घड्याळ लावलं की पहिल्याचं आपोआप थांबतं. मी 10 मिनिटं कळफलकाला हात लावला नाही तर परत आल्यावर विचारतं, मधला वेळ धरायचा की वजा करायचा? (चहाला गेले होते. वजा.)

याच्याशी कॅप्चरची एक युक्ती जोडली. कॅप्चरच्या साच्याला असं सांगता येतं की खिडकी उघडताच नव्या नोंदीचं घड्याळ चालू कर, आणि बंद होताच आधीच्या कामाचं पुन्हा सुरू कर. कोणी खुर्चीपाशी आलं किंवा चॅटवर पिंग केलं की मी ती खिडकी उघडते, एक ओळ लिहिते, बोलणं संपलं की बंद. या सगळ्या नोंदी ज्या मथळ्याखाली जातात त्याचं नाव 'जरा बघतेस का'.

पहिल्या पूर्ण आठवड्याचं क्लॉक टेबल (कशावर किती वेळ गेला त्याचा तक्ता) काढलं तेव्हा घड्याळावर 38 तास होते. फीचरवर 11, कोड रिव्ह्यूवर (इतरांचा कोड तपासण्यावर) 9, 'जरा बघतेस का'वर 8, मीटिंगांवर 6, डिप्लॉयमेंट (तयार कोड सर्व्हरवर चढवणं) आणि त्याच्या आजूबाजूच्या लटपटींवर 4. मी वर्षानुवर्षं मीटिंगांच्या नावाने बोटं मोडत होते. स्टँडअपमुळे (रोजच्या छोट्या मीटिंगमुळे) माझा दिवस जातो हे मी इतक्या वेळा म्हटलंय की घरच्यांनाही पाठ आहे. आणि तक्त्यात दिसत होतं की दिवस दुसरीकडेच जातोय.

ते 8 तास 31 नोंदींचे होते. एकेक नोंद सरासरी पंधरा मिनिटांची, म्हणून एकीचंही ओझं वाटलेलं नव्हतं. प्रत्येकीची एक ओळ लिहिलेली असल्यामुळे मी त्या सलग वाचल्या. 31 पैकी 12 एकाच गोष्टीच्या: लोकल मशीनवर टेस्ट डेटा जुना झाल्यामुळे टेस्ट पडताहेत, काय करू? मी बाराही वेळा तेच चार कमांड सांगितले होते आणि बाराही वेळा मनात म्हटलं होतं, याचं काहीतरी करायला हवं. पुढच्या दिवशी दोन तास बसून स्क्रिप्ट लिहिली, रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत) टाकली. पुढच्या महिन्यात त्या मथळ्याखाली आठवड्याला तीनेक तास उरले. कितीही देखणी यादी केली असती तरी हे दिसलं नसतं, कारण ही कामं कुठल्या यादीत येतच नाहीत. ती आपल्याकडे चालत येतात, पंधरा मिनिटं बसतात आणि निघून जातात.

रिव्ह्यूचे 9 तास कमी झाले नाहीत आणि व्हायलाही नकोत. फक्त ते सकाळी अकरा आणि दुपारी साडेचार अशा दोन वेळांना बांधले.

हे टेबल मी लीडला दाखवलं. स्क्रिप्टला वेळ मिळावा एवढाच हेतू होता. तो बघत राहिला आणि म्हणाला, "भारी आहे गं हे. सगळ्यांना लावूया का?" मी म्हटलं, "लावलंस तर मी पहिल्या दिवशी खोटं भरीन." तो हसला, मीही हसले, पण बोलले ते खरं होतं. हे घड्याळ उपयोगी पडतं कारण ते मी एकटी बघते. 'चहा, गप्पा, 35 मिनिटं' असं मी वरच्याला दिसणार असलेल्या तक्त्यात लिहिणार नाही, आणि ते लिहिलं नाही तर उरलेले आकडेही निरुपयोगी. कंपनीचा ट्रॅकर कंपनीसाठी, ही फाइल माझ्यासाठी. दोन्ही आपोआप जोडणारी पॅकेजं आहेत, मी वापरत नाही. तिकिटाचा दुवा मथळ्यात चिकटवते, तेवढं पुरतं.

मराठीत नोंदी ठेवायच्या असतील तर थोडं सांगते. ईमॅक्स 27 पासून, म्हणजे 2020 पासून, हार्फबझ (अक्षरं जुळवून दाखवणारी लायब्ररी) आल्यावर जोडाक्षरं नीट दिसतात. पण ऑपरेटिंग सिस्टिमचा इन्स्क्रिप्ट कळफलक चालू ठेवून शॉर्टकट दाबले तर कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-म जातं (इन्स्क्रिप्टमध्ये सीच्या कळीवर म असतो) आणि ईमॅक्स म्हणतं, असली कळ मला ठाऊक नाही. उपाय म्हणजे ईमॅक्सची स्वतःचीच देवनागरी इनपुट पद्धत लावायची. इन्स्क्रिप्ट आणि आयट्रान्स (रोमन अक्षरांतून देवनागरी) दोन्ही आहेत, कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबून चालू-बंद होतं, आणि शॉर्टकट जागेवर राहतात. तक्ते मात्र मोडतात. मथळे मराठीत असले की क्लॉक टेबलच्या उभ्या रेघा दारू प्यायल्यासारख्या डुलतात. व्हीअलाइन नावाच्या पॅकेजने त्या सरळ झाल्या.

फोन ही या सगळ्यातली लंगडी बाजू. अँड्रॉइडवर ऑर्गझ्ली रिव्हाइव्ड हे ऑर्ग फाइलींचं ॲप ठेवलंय, फाइली सिंकथिंगने (दोन उपकरणांतल्या फाइली सारख्या ठेवणारा प्रोग्राम) ये-जा करतात. रस्त्यात सुचलेली ओळ टिपायला ठीक. एकदा लॅपटॉपवर साठवलेले बदल फोनवर पोहोचायच्या आधीच मी फोनवर त्याच फाइलीत चार नोंदी केल्या, आणि सिंकथिंगने निमूटपणे दुसरी, संघर्षवाली प्रत बनवून ठेवली. ती मला नऊ दिवसांनी दिसली. आता फोनची फाइल वेगळीच आहे, तिला लॅपटॉपवरून मी फक्त रिकामी करते. शिवाय पूर्ण फोल्डर गिटमध्ये आहे.

संपलेली कामं अर्काइव्हमध्ये (जुन्या कामांच्या वेगळ्या फाइलीत) हलवायचा कंटाळा करू नका. मी सात महिने केला आणि अजेंडा उघडायला चहा ओतून होईल एवढा वेळ लागायला लागला.

शेजारच्या टेबलवरचा मुलगा व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरवाला आहे. माझं बघून त्याने विचारलं, ईमॅक्स शिकू का? मी नको म्हटलं. फक्त यासाठी शिकायचं असेल तर पहिले तीन महिने कळा पाठ करण्यातच जातील. त्याऐवजी दोन आठवडे एका वहीत एवढंच लिही, म्हटलं: कोण आलं, कशासाठी, किती वाजता गेलं. त्याने लिहिलं. त्याच्या पानावर सर्वात जास्त वेळा आलेलं नाव माझं होतं.