स्वस्त बेस गिटार घेताना पैसे नेकवर लावा, नॉबवर नाही

यामाहा टीआरबीएक्स १७४, आयबानेझ जीएसआर २०० आणि स्क्वायर ॲफिनिटी जॅझ बेस. पहिला चार तारांचा बेस घेणारा माणूस शेवटी बहुतेक वेळा या तिघांपाशीच येऊन थांबतो. थोडे पैसे वाढवायची तयारी असेल तर सायरचा व्ही३ यादीत येतो आणि हात लहान असतील तर स्क्वायरचा ब्रॉन्को. सगळेच कामाचे बेस आहेत. तरी एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी टांगलेले असले तर एक हातात घेताक्षणी वाजतो आणि दुसऱ्याशी झगडावं लागतं. या किमतीत मॉडेलपेक्षा नग निवडणं जास्त महत्त्वाचं, आणि नग निवडायचा तो नेक, म्हणजे तारा दाबायचा लांब दांडा, बघून. पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग), ब्रिज (अंगावर तारा धरणारा भाग), ट्यूनर (सुराच्या खुंट्या), पॉट (नॉबखालचा भाग) हे सगळं नंतर बदलता येतं. पिळलेली नेक मात्र सरळ होत नाही, आणि नवी नेक बसवायला गेलात तर बेसच्या निम्म्या किमतीचा खर्च समोर उभा राहतो.

यामाहा टीआरबीएक्स १७४ पासून सुरुवात करू, कारण डोळे झाकून एकच नाव सांगायचं असेल तर ते हेच. स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंच, २४ फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या), पुढे फेंडरच्या प्रिसिजन बेसच्या पद्धतीचा दोन तुकड्यांचा पिकअप, ब्रिजजवळ फेंडरच्याच जॅझ बेसच्या पद्धतीचा सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप. दोन व्हॉल्यूम आणि एक टोन, बॅटरी नाही. फ्रेट बसवण्याचं काम नगागणिक फारशी बदलत नाही, हा या बेसचा खरा गुण. पिकअप सभ्य आहेत, पण त्यांना स्वतःचा असा फारसा स्वभाव नाही. फक्त ब्रिजचा पिकअप उघडा ठेवला तर गुणगुण ऐकू येते. हा बिघाड नव्हे. पुढच्या पिकअपचे दोन तुकडे एकमेकांची गुणगुण मारतात, मागचा एकटा असतो म्हणून तो ट्यूबलाइट, डिमर, चार्जर सगळ्यांचा आवाज उचलतो. पुढचा पूर्ण आणि मागचा अर्धा उघडा ठेवला की या बेसचा सगळ्यात उपयोगी आवाज मिळतो.

याच घरातला टीआरबीएक्स ३०४ वेगळ्या जातीचा आहे. महोगनीचं अंग, पाच पट्ट्या जोडून केलेली नेक, दोन हंबकर (गुणगुण मारणारे दुहेरी पिकअप), ॲक्टिव्ह म्हणजे बॅटरीवर चालणारं सर्किट आणि पाच तयार आवाजांचा एक स्विच. पाच पट्ट्यांची नेक हवामानाला जास्त नीट तोंड देते आणि जास्तीचे पैसे द्यावेत ते त्यासाठी. स्विच दुय्यम.

आयबानेझ जीएसआर २०० ची नेक सडपातळ आहे. सहा तारांच्या गिटारवरून येणाऱ्याला ती लगेच मानवते. अंग लहान आणि हलकं. दुकानात मांडीवर घेतला की याच हलकेपणाची भुरळ पडते, पण उभं राहिल्यावर तोच नडतो. अंग हलकं आणि ट्यूनर जड, त्यामुळे हात सोडला की हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) जमिनीकडे झुकतो. मग डावा हात वाजवण्याऐवजी नेक उचलून धरण्यात गुंततो. गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात तीन तास उभं राहून वाजवायचं असेल तर मनगट दुसऱ्या तासाला बोलायला लागतं. उपाय स्वस्त आहे: आतून खरखरीत चामडं असलेला, किमान ७ सेंटिमीटर रुंद पट्टा. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा खांद्यावरून घसरतो आणि झुकणं वाढवतो. दुसरी गोष्ट बॅटरीची. या बेसवरचा एक नॉब खालचा आवाज फुगवतो आणि त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी लागते. घरी एकट्याने वाजवताना तो नॉब छान वाटतो. बँडमध्ये मात्र किक ड्रम आणि फुगवलेला बेस एकमेकांवर चढतात आणि कुठला स्वर वाजतोय तेच कळेनासं होतं. म्हणून याचाच धाकटा भाऊ जीएसआर १८०, दोन जॅझ पिकअप आणि बिनबॅटरीचा, बऱ्याच जणांसाठी जास्त शहाणपणाची खरेदी ठरतो.

स्क्वायर ॲफिनिटी जॅझ बेसची नेक नटपाशी (हेडस्टॉकजवळची, तारा बसायची खाचांची पट्टी) ३८.१ मिलिमीटर, म्हणजे अरुंद. १९६० मध्ये स्क्वायरच्या मूळ कंपनीने, फेंडरने, जॅझ बेस काढला तेव्हाचं हेच माप. तारा जवळजवळ असल्याने एका तारेवरून दुसरीवर जाणं सोपं, पण जाड बोटांना ते अडचणीचं होतं. दोन्ही पिकअप सारखे उघडे ठेवले की गुणगुण जाते आणि आवाज मधोमध थोडा पोकळ होतो. एक व्हॉल्यूम जरा कमी केला की मधला भाग परत येतो, गुणगुणही परत येते. या बेसची कमतरता फ्रेटच्या टोकांत असते. नेकच्या कडेवरून तळवा वरखाली फिरवा. टोकं टोचत असतील तर लाकूड सुकून आक्रसलं आहे आणि धातू तेवढाच राहिला आहे. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि सतत एसी चालणाऱ्या दुकानात हे हमखास होतं. बारीक कानशीने कारागीर ते तासाभरात घासून देतो, तेव्हा एवढ्यासाठी चांगली नेक सोडू नका. भाव मात्र नक्की पाडून घ्या.

ॲफिनिटीची जमेची बाजू विकताना कळते. जुन्या बाजारात हा बेस लवकर उठतो आणि सुटे भाग कुठेही मिळतात. पिकअप बदलणार असाल तर आधी दोन्हींची लांबी मोजा. मूळ पद्धतीत ब्रिजचा पिकअप नेकच्या पिकअपपेक्षा काही मिलिमीटर लांब असतो, पण काही स्वस्त जॅझ बेसमध्ये दोन्ही एकाच लांबीचे बसवलेले असतात. न मोजता जोडी मागवली तर एक खाचेत शिरत नाही, आणि मग अंग कोरण्याची वेळ येते.

सायर व्ही३ ची नेक या सगळ्यांत हाताला सगळ्यात गोड लागते, कारण फ्रेटबोर्डच्या (नेकच्या बोटांखालच्या पट्टीच्या) कडा गोल केलेल्या असतात. नवा बेस बराच काळ वाजवून मुरल्यासारखा वाटतो. सर्किटमध्ये बास, मिड, ट्रेबल वेगवेगळे आणि मिड कुठल्या कंपनसंख्येवर उचलायचा तेही ठरवता येतं. ॲक्टिव्ह-पॅसिव्ह स्विचमुळे बॅटरी संपली तरी कार्यक्रम थांबत नाही. पण पहिलाच बेस असेल तर एवढे नॉब त्रासाचे ठरतात. शिकणारा बोटांनी आवाज घडवण्याऐवजी नॉब फिरवत बसतो. दुसरा बेस म्हणून याच्याइतका चांगला पर्याय या किमतीच्या आसपास नाही.

ब्रॉन्कोचं स्केल ३० इंच. फरक कागदावर चार इंचांचा, हाताला त्याहून मोठा. ३४ इंची बेसवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर १७८ मिलिमीटर भरतं, ३० इंचीवर १५७. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी हे २१ मिलिमीटर म्हणजे वाजवणं आणि सोडून देणं यांतला फरक. जुन्या ब्रॉन्कोच्या ब्रिजवर चार तारांना दोनच सॅडल (तार टेकते ते छोटे तुकडे) असतात, त्यामुळे वरच्या फ्रेटवर चारही तारा एकाच वेळी सुरात आणता येत नाहीत. जुना घेत असाल तर चार सॅडलच्या ब्रिजचा खर्च आधीच धरा. तारा शॉर्ट स्केलच्याच घ्या. लाँग स्केलची तार कापून लावली तर जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि वेटोळं सुटून तार मरते.

आता नग कसा तपासायचा. खिशात एक व्हिजिटिंग कार्ड, फोनमध्ये ट्यूनर आणि मिलिमीटरची पट्टी एवढं पुरतं. आधी बेस सुरात लावा. ढिल्या तारांवर केलेली कुठलीही तपासणी खोटी. मग ब्रिजच्या बाजूने डोळा लावून नेकच्या दोन्ही कडा बघा. दोन्ही सारख्या वळत असतील तर ठीक. एक वर आणि एक खाली जात असेल तर नेक पिळली आहे, बेस परत भिंतीवर टांगा. त्यानंतर ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून आठव्या फ्रेटपाशी फट बघा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. फट नसेल किंवा कार्डं तीन-चार मावत असतील तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक बदलणारी सळई) फिरतो का हे दुकानदारालाच दाखवायला सांगा. पाव फेऱ्यात फट बदलली तर रॉड जिवंत आहे. या रॉडचा नट आधीच टोकापर्यंत आवळलेला असेल तर तो बेस फुकट मिळाला तरी महाग.

सतराव्या फ्रेटवर तारेची उंची ई ला २.४ आणि जी ला (सगळ्यात बारीक तारेला) २ मिलिमीटरच्या आसपास असली की नवशिक्याला त्रास होत नाही. ती जास्त असेल तर सॅडलला खाली जायला जागा शिल्लक आहे का ते बघा. सॅडल तळाला टेकलेले आणि तार अजून उंच, असं असेल तर नेकचा कोन चुकला आहे. नेकच्या खाचेत ब्रिजच्या बाजूला पातळ लाकडी पट्टी घालून तो सुधारतो, पण किंमत ठरवताना हे बोलून दाखवा.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. हो, ८०-९५ स्वर होतात, दहा मिनिटं लागतात, लागू द्या. पहिल्या पाच फ्रेटमध्ये खरखर आली तर नेक फार सरळ झाली आहे. बाराव्याच्या पुढे आली तर ॲक्शन (तारेची उंची) फार खाली आहे किंवा नेकच्या बुडाशी उंचवटा आहे. एकाच जागी आली तर तिच्या पुढचा फ्रेट वर उचलला गेलाय. फक्त उघडी तार खरखरत असेल तर नटची खाच खोल गेली आहे. स्वस्त बेसमध्ये उलटं जास्त आढळतं: नटची खाच उथळ, त्यामुळे पहिला फ्रेट दाबायला जड आणि स्वर चढा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा. केसाएवढीच असली पाहिजे. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा स्वर लवकर विझतो, तो मात्र सेटअपने (नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवून) जात नाही. त्या स्वराची कंपनं नेक स्वतःच गिळते. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं की ती जागा सरकते. सगळ्याच बेसमध्ये थोडंफार असतं, फार जाणवलं तर दुसरा नग मागा.

आवाज बेस ॲम्पवरच ऐका. उघड्या ई तारेचा मूळ स्वर ४१.२ हर्ट्झचा आहे, लहान गिटार ॲम्पचा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही आणि मोठ्याने वाजवला तर फाटतो. केबल लावल्यावर तारांना हात लावा. हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर आतलं शिल्डिंग (बाहेरची गुणगुण अडवणारं आवरण) कमकुवत आहे, पण जोडणी ठीक. हाताला झिणझिण्या आल्या तर ताबडतोब प्लग काढा. दोष बेसचा नसून सॉकेटच्या अर्थिंगचा किंवा ॲम्पचा आहे आणि तो जिवावर बेततो.

जुना बेस घेताना बॅटरीचा डबा उघडून हिरवट डाग बघा, नेकचे चारही स्क्रू घट्ट बसतात का ते बघा. पहिल्या पाच फ्रेटवर तारांखाली खोल चर पडलेले असतील तर फ्रेट घासण्याचा खर्च किमतीतून वजा करा. कोकण, मुंबई किंवा गोव्याकडून आलेल्या बेसचे सॅडलचे स्क्रू एकेक करून फिरवून पाहायचे. पावसाळ्यातल्या दमट हवेने ते गंजून जाम होतात, आणि जाम स्क्रूचं डोकं एकदा घासलं की सॅडलच बदलावा लागतो. स्थिती उत्तम असली तरी नव्याच्या ६५ टक्क्यांवर जाऊ नये. विकणाऱ्याने महागडे पिकअप टाकले असतील तर त्याचे पूर्ण पैसे देऊ नका. त्याने ते स्वतःच्या हौसेसाठी टाकले. अदलाबदलीत हाच नियम उलटा लागतो: आपला बेस देण्याआधी नवे पिकअप काढून मूळचे परत बसवा आणि नवे वेगळे विका. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, स्क्रूसकट, पिशवीत जपून ठेवायचा.

बेस कुरिअरने पाठवताना तारा एक-दोन सूर उतरवा, पूर्ण सोडू नका. खोक्यात सगळ्यात आधी मोडतो तो हेडस्टॉक, म्हणून त्याच्या खाली आणि मागे फोम भरा. तो हवेत राहता कामा नये. चार स्क्रू काढून नेक वेगळी पाठवली तर आणखी सुरक्षित. जोडताना स्क्रू आधी उलटे फिरवायचे, जुन्या आट्यात टक्कन बसल्याचं जाणवलं की मगच आवळायचे. नाहीतर लाकडात नवे आटे पडतात आणि नेक कायमची सैल राहते.