नाशिकच्या सिडकोतल्या परमिट रूममध्ये आठ महिने: कोपऱ्यातल्या टेबलावरून

अंबडला जनरल शिफ्ट, घर सिडकोत, आणि दोन्हींच्या मधोमध हा बार. एप्रिल २०२५ मध्ये पहिल्यांदा गेलो, कारण घरी पाहुण्यांचा गोतावळा होता आणि मला तासभर गप्प बसायचं होतं. डिसेंबर उजाडला, पाहुणे कधीच गेले, मी मात्र जातोच आहे. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. नाव लिहीत नाही. जाणारे ओळखतीलच.

आत बारा टेबलं, सनमायकाची. माझ्या कोपऱ्यातल्या टेबलाचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली सिगारेटच्या पाकिटाची घडी. ती ओली होऊन बसली की टेबल डुगडुगतं, मग वेटर नवी घडी घालतो. पडद्यापलीकडे एसी हॉल आहे. तिथे दारू तीच, वेटर तोच, रेट जास्त, आणि एसी गिऱ्हाईक बघून लावतात. नॉन-एसीतच बसा.

बसलं की न मागता येतात ते खारे शेंगदाणे आणि काकडीच्या चार चकत्या. शेंगदाणे कधी कधी खवट. पण चना कोळीवाडा! छोले नीट शिजवलेले, वरचं आवरण पातळ आणि कुरकुरीत, त्यावर बारीक कांदा, कोथिंबीर आणि चाट मसाला. लिंबू आपण पिळायचं, तेही गरम असतानाच. पाच मिनिटं गप्पांत गेली की त्याचे खडे होतात. उकडलेली अंडीही चांगली, काळी मिरी सढळ हाताने. चायनीजच्या वाटेला जाऊ नका. तिथे सगळ्या पदार्थांची एकच चव आहे, नावं तेवढी वेगळी.

वाइन विसरा. गंगापूर धरणाकडे आणि दिंडोरीत वायनरी आहेत, शहर 'वाइन कॅपिटल' म्हणून मिरवतं. एकदा हौसेने रेड वाइन मागितली, तर वेटर म्हणाला, "सर, वो वाइन शॉप में देखो." आणि आमच्या कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमध्ये वाइन सोडून सगळं मिळतं.

परमिट रूम म्हणायचं खरं, पण परमिट मला आठ महिन्यांत कोणी विचारलं नाही. दारू पिण्याचं पाच रुपयांचं एक दिवसाचं परमिट असतं, म्हणून एकदा मीच मागितलं. मॅनेजरने माझ्याकडे असं पाहिलं, की मी एक्साइजवाला असावा. त्या दिवशी शेंगदाणे ताजे आले.

मग जातो कशाला? कारण इथे कोणी काही विचारत नाही. सोसायटीत लिफ्टच्या दोन मजल्यांतही 'प्रमोशन झालं का' होतं. इथे समोरच्या टेबलावर एसटीतून रिटायर झालेले एक काका साडेसातला येतात, सव्वाआठला उठतात. आमचं आजवरचं संभाषण म्हणजे मान हलवणं. मध्ये ते पंधरा दिवस दिसले नाहीत, तेव्हा मला करमेना. परत आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी लावून. मोतीबिंदू. मी मान हलवली, त्यांनीही हलवली.

आता खिशाचं. २०२३ च्या नोव्हेंबरात परमिट रूमचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झालाच होता, त्यात २०२५ च्या जूनमध्ये भारतात बनणाऱ्या विदेशी मद्याचं उत्पादन शुल्क वाढलं. १४ जुलैला राज्यभर बारवाल्यांनी बंद पाळला. आमचंही शटर खाली होतं, आणि बाहेर तिघंचौघं नातेवाइकाच्या दवाखान्यात आल्यासारखी उभी. भाव काही उतरले नाहीत. नाइंटी (नव्वद मिली दारू), सोडा आणि चना मिळून पूर्वी तीनशेच्या आत उठायचो, आता चारशेला हात लागतो.

बिल मॅनेजर हाताने लिहितो आणि गर्दीच्या दिवशी दोन सोड्यांचे तीन होतात. भांडण नको असेल तर रिकाम्या बाटल्या उचलू देऊ नका, बिल येईपर्यंत समोर उभ्या ठेवा. सुटा पेग घेण्यापेक्षा सीलबंद नीप, म्हणजे छोटी बाटली, मागवा आणि सील डोळ्यांसमोर फोडायला सांगा. यात कोणी राग मानत नाही.

संडासाबद्दल एवढंच की घरून जाऊन या. पंख्याखाली बसलात तरी सिगारेटचा वास शर्टात येतोच. बायकोला तो दारातूनच कळतो, 'आज कंपनीतून उशीर झाला' वगैरे चालत नाही. बायको-मुलांना घेऊन जाण्याची ही जागाच नाही. गाडी घरी लावून चालत जा, नाकाबंदी कधीही लागते. पंधरा मिनिटांची पायपीट आहे.

एक गोष्ट मात्र आधी मला फार आवडायची, आता तितकी नाही. तिसऱ्या महिन्यापासून मला ऑर्डर द्यावी लागत नाही. मी दारात दिसलो की नीप, सोडा, ग्लास टेबलावर. कंपनीत सोळा वर्षं झाली, तिथला चहावाला अजून साखर किती विचारतो.

मागच्या मंगळवारी ॲसिडिटी होती. जेवणाआधी नुसतं बसायचं म्हणून गेलो आणि सांगितलं, आज फक्त लेमन सोडा. वेटरने लेमन सोडा आणला, आणि शेजारी नीपही ठेवली.

"अरे, नको म्हटलं ना."

"रहने दो सर," तो फडक्याने टेबल पुसत म्हणाला, "सील नहीं तोडा है."

सव्वाआठला काका उठले. सील मीच तोडलं.