ऑइल सेपरेटर लावून आठ महिने झाले, आता त्या काचेचं एकदाचं लिहितो

स्पेक लिहीत बसत नाही, कॅटलॉगात सगळं आहे. आपलं मशीन म्हणजे घरच्या कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर, 5 एचपीचं सेमी-हर्मेटिक (बोल्ट काढून उघडता येणारं), पिस्टनवालं, गॅस आर-404ए, तेल पीओई (सिंथेटिक). सेपरेटर म्हणजे कॉम्प्रेसरमधून गॅसबरोबर निसटलेलं तेल अडवून परत पाठवणारा डबा. रूम उणे 18 ला, आत केसर आंब्याचा रस. घर बडोद्यात दांडिया बाजारच्या मागे, रूम तळमजल्यावर आणि मशीन गच्चीवर, म्हणजे दोन मजले वर. ही गच्ची लक्षात ठेवा, घोडं पुढे तिथेच पेंड खाणार आहे.

सेपरेटर घेतला तो निव्वळ वैतागून. गेल्या वर्षी दर दीड महिन्याने क्रँककेसच्या (कॉम्प्रेसरच्या तळाच्या तेलाच्या कप्प्याच्या) काचेतलं तेल खाली, सर्व्हिसवाल्याला फोन, तो येणार, लिटरभर ओतणार, बिल फाडणार. पीओई लिटरला हजाराच्या वर आहे, आपल्या खोबरेलाच्या भावात मिळत नाही. विचारलं तर म्हणतो, "मशीन छे साहेब, तेल तो पीए ज ने!" अरे पण हे काय स्कूटरचं इंजिन आहे का तेल जाळायला? बंद सिस्टिम आहे, कुठे तेलकट डाग नाही, पाइपांच्या जोडांचे फ्लेअर नट कोरडे, मग माझं तेल जातं कुठे?

पिस्टनच्या कडेने थोडं तेल गॅसबरोबर डिस्चार्जला, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर जाणाऱ्या लाइनमध्ये, जाणारच, हे मला मान्य आहे. सेपरेटर त्याच लाइनवर बसतो, आतल्या जाळीवर तेल अडतं, तळाशी साचतं, तेलावर तरंगणारा फ्लोट उचलला गेला की बारीक पाइपने परत क्रँककेसमध्ये. बसवताना आधी त्यात थोडं तेल भरायचं असतं, नाहीतर पहिलं तेल तो स्वतःच पिऊन बसतो. आमच्या शहाण्याने भरलंच नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी काच रिकामी आणि माझा जीव वर. ते भरल्यावर मात्र नोव्हेंबर, डिसेंबर छान गेले. रिटर्न पाइपला हात लावायची मला सवयच लागली. मध्येच कोमट, मध्येच गार म्हणजे ठीक चाललंय. कायम गरम असेल तर फ्लोट उघडा अडकलाय आणि गरम गॅस थेट क्रँककेसमध्ये घुसतोय, कायम गार असेल तर बंद अडकलाय.

काचेचा तर मी रोज सकाळी मोबाइलवर फोटो काढायचो. अर्ध्यावर तेल, फोटो. अर्ध्याच्या जरा खाली, फोटो, आणि बायकोला दाखवायचो. ती म्हणाली, हळदकुंकू वाहा त्या काचेला एकदा.

मग आली उत्तरायण. चौदा जानेवारीला गच्चीवर सगळी गल्ली, पतंग, मांजा, उंधियू, आणि सकाळी मशीन चालू केलं तर काचेत तेल नाहीच, नुसता पांढरा फेस, ताक घुसळल्यासारखा. दोनेक मिनिटांत ऑइल प्रेशर स्विचने (तेलाचं प्रेशर नसलं की मशीन थांबवतो तो) बंद पाडलं. मी रीसेट दाबला. परत बंद. परत दाबला. (हे करू नका, बेअरिंग कोरडं फिरतं, माझं नशीब चांगलं होतं.) सर्व्हिसवाल्याने फोन उचलला नाही, आणि दोन दिवसांनी उचलला तेव्हा म्हणे सेपरेटर बदला.

इथपर्यंत जानेवारीतच लिहून ठेवलं होतं आणि दोन स्टार देणार होतो. आता मत बदललंय.

मकरपुरा जीआयडीसीतून (औद्योगिक वसाहतीतून) रिटायर झालेले एक काका आले, आपल्यातलेच. चहा घेतला आणि पहिला प्रश्न, "रात्री मेन बंद करता का हो?"

करत होतो. हिवाळ्यात माल कमी, रूम सकाळपर्यंत थंडी धरते, म्हटलं तेवढंच लाइटबिल वाचेल. पण मेनबरोबर तेल गरम ठेवणारा क्रँककेस हीटरही बंद पडत होता. गार पडलेल्या तेलात रात्रभर गॅस विरघळत राहतो, आणि सकाळी स्टार्ट केलं की क्रँककेसमधलं प्रेशर एकदम पडून सगळा गॅस उकळून बाहेर, सोडा उघडल्यासारखा, आणि जाताना तेल घेऊन जातो. अशा फेसापुढे सेपरेटर तरी काय करणार. बिल किती वाचलं ते मी हिशेब करून पाहिलं, सांगत नाही.

पण काका तिथे थांबले नाहीत. खाली रूममध्ये गेले आणि सक्शन पाइपकडे, म्हणजे रूममधून गॅस परत कॉम्प्रेसरकडे नेणाऱ्या पाइपकडे, बघत राहिले. उभा पाइप 1 5/8 इंची, थेट दोन मजले वर, खाली यू ट्रॅप (तेल गोळा करणारं यू-आकाराचं वळण) नाही. म्हणाले, उभ्या पाइपात गॅसचा वेग सेकंदाला साधारण 5 मीटरच्या खाली गेला की तेल वर चढत नाही, भिंतीवरून ओघळून खालीच बसतं. सेपरेटरमधून शंभर टक्के तेल कधीच अडत नाही, जे सुटतं त्याला वर यायला वाट तर हवी! म्हणजे दीड वर्ष मी जे ओतत होतो ते कुठे पळालं नव्हतंच, रूममधल्या माझ्याच कूलिंग कॉइलमध्ये बसून माझीच कूलिंग खात होतं. रूम उणे 18 ला यायला वेळ का लागतो ते तेव्हा कळलं.

मार्चमध्ये उभा पाइप काढून बारीक, 1 1/8 इंची घातला, म्हणजे गॅसचा वेग वाढतो, खाली यू, वर उलटा यू, आडवा भाग कॉम्प्रेसरकडे थोडा उताराने. ब्रेझिंगला आतून नायट्रोजन सोडला, नाहीतर काजळी सुटून फ्लोटमध्ये अडकते. हीटर आता वेगळ्या एमसीबीवर, आणि तो बंद करायचा नाही असा कागद बायकोने चिकटवलाय, माझ्यासाठी.

आणि मग तेल परत यायला लागलं. काच अर्धी, पाऊण, मग पूर्ण. काका म्हणालेच होते की हे होईल आणि जास्त तेलही वाईट, पिस्टनवर आदळून व्हॉल्व्ह प्लेट फुटते. तीन खेपांत जवळपास दोन लिटर बाहेर काढलं, माझंच, बिलासकट घेतलेलं. परत वापरता येत नाही, पीओई उघडं राहिलं की हवेतलं पाणी ओढतं. सर्व्हिसवाल्याला फोटो पाठवला, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

सेपरेटरला आता चार स्टार. एक कापला तो आत तेल भरायची सूचना खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरात छापल्याबद्दल. जून आहे, रूम रसाने गच्च आहे, मार्चपासून एक थेंब घातलेला नाही. त्या दोन लिटरचा डबा जिन्यात होता, बायको म्हणाली गेटच्या बिजागऱ्यांना घाला. हजार रुपये लिटरचं तेल, बिजागरीला! आठवडाभर नाही म्हटलं. मग घातलं. गेट आता कुरकुरत नाही.