निरीक्षक की सुरक्षा समिती?

भाचा गोदीत लॅशिंगला, म्हणजे जहाजावरचे कंटेनर बांधून घट्ट करण्याच्या कामाला आहे. कंटेनरच्या दोन रांगांमधल्या चिंचोळ्या जागेत जड लोखंडी रॉड पेलायचा, टर्नबकल (रॉड ताणून धरणारा पेच) आवळायचा. परवा म्हणाला, "मामा, तक्रार सरकारी निरीक्षकाकडे करू की सुरक्षा समितीत मांडू?"

समिती म्हणजे व्यवस्थापन आणि कामगार प्रतिनिधींची एकत्र बैठक. वेगात समिती सरस. शिडीची वाकलेली पायरी, मुका झालेला रिव्हर्स हॉर्न ही कामं कामगार प्रतिनिधी खमका असेल तर बैठकीआधीच होतात. निरीक्षक बाहेरून येणार, आणि तो येणार म्हटलं की धक्का लग्नघरासारखा सजतो!

पण दात निरीक्षकालाच. गोदी कामगारांच्या सुरक्षेच्या १९८६ च्या कायद्याने त्याला धोक्याचं काम थांबवण्याचा अधिकार दिला. हा कायदा आता कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत सामावला आहे. समिती शिफारस करते. क्रेन दुरुस्तीसारखा खर्चाचा विषय इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढ्यावर झोपतो.

माझ्या मते खरी मेख कंत्राटी कामगाराची. समितीत बोलला की उद्याची पाळी जाण्याची भीती. याउलट तक्रारदाराचं नाव निरीक्षकाने गुप्त ठेवावं, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ वा करार सांगतो. भारताने तो १९४९ मध्येच मान्य केला.

तेव्हा कायम नोकरी, मजबूत युनियन आणि रोजच्या बारीकसारीक अडचणी असतील तर समिती. कंत्राटी असाल, किंवा क्रेनचा वायररोपच (पोलादी दोर) झिजला असेल, तर थेट निरीक्षक. भाच्याला मी निरीक्षकाकडेच जायला सांगितलं. तो कंत्राटी आहे.