मांजराला गोळी द्यायची पिल गन: बोटं वाचतात, पण पाणी जवळ ठेवा

आधीच सांगते, घ्या. मांजराला ॲलर्जीची गोळी रोज द्यायची असेल, म्हणजे चार दिवसांचा कोर्स नाही तर महिनोन्महिने चालणारं काम असेल, तर ही वस्तू घरात पाहिजेच. पण पाकिटावर जे छापलेलं असतं ना, सोपं, सुरक्षित, विनात्रास, त्यातलं सोपं हे बऱ्यापैकी खरं, विनात्रास हे मांजरालाच विचारायला पाहिजे, आणि सुरक्षित हे पूर्णपणे तुम्ही ती कशी वापरता आणि आत कुठली गोळी घालता त्यावर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण वेगवेगळ्या नावाने मिळणाऱ्या बहुतेक सगळ्या एकाच ढाच्याच्या दिसतात.

वस्तू म्हणजे काय, तर जाड पेनाएवढी प्लास्टिकची नळी, मागे दट्ट्या, पुढे मऊ टोक आणि त्या टोकाला चीर. चिरेत गोळी बसवायची, नळी तोंडात सरकवायची, दट्ट्या दाबला की गोळी जिभेच्या मुळाशी पडते. बोट तोंडात घालायची गरज नाही हा मुख्य फायदा आणि तो छोटा नाहीये, मांजराचे सुळे बारीक आणि खोल जातात, वरून छोटंसं भोक दिसतं आणि आत इन्फेक्शन होतं, त्यामुळे चावलं तर लगेच धुवून डॉक्टरकडे जायचं असतं. आमचा पिंट्या तसा गरीब आहे, पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन बसतो, फक्त तोंडाला हात लावला की वाघ.

त्याला स्किनची ॲलर्जी आहे. मान आणि कानामागचं सगळं खाजवून रक्त काढायचा, पोटावरचे केस चाटून चाटून साफ, पाठीवर हात फिरवला की बारीक बारीक खपल्या लागायच्या. आमच्या डॉक्टरांनी आधी पिसवांचं औषध सुरू केलं, पिसू दिसत नसली तरी, कारण मांजर चाटून पिसवा गिळून टाकतं आणि ॲलर्जी असेल तर एखाददुसरा चावासुद्धा पुरतो. (मानेवर टाकायचं कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका प्लीज, त्यातल्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं, मांजराला त्याने झटके येतात आणि जीवही जातो.) त्यानंतर मग सेटिरिझिन हे ॲलर्जीचं औषध, १० मिलीग्रॅमच्या गोळीची अर्धी, म्हणजे ५ मिलीग्रॅम, दिवसातून एकदा. मोठ्या मांजराला हा डोस बऱ्याचदा देतात, पण हे वाचून स्वतःच सुरू करू नका, किडनीचा त्रास असेल तर हे औषध शरीरातून हळू बाहेर जातं आणि डोस बदलावा लागतो, आणि वयस्कर मांजरांमध्ये किडनीचा त्रास किती कॉमन आहे ते पाळणाऱ्यांना माहीतच आहे.

आता खरी गंमत. अख्खी गोळी असते तेव्हा वरचं कोटिंग कडूपणा झाकतं, अर्धी केली की तुटलेली बाजू उघडी पडते आणि ती भयंकर कडू. ती जिभेवर जरा जरी टेकली की मांजर तोंडाला फेस आणतं, लाळेच्या तारा, डोकं झटकणं, आणि नवीन माणसाला वाटतं की आता रिॲक्शनच आली. बहुतेक वेळा ती फक्त चव असते, काही मिनिटांत थांबते. चेहरा सुजला, श्वास घेताना पोट जोरात हलायला लागलं, तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं तर मात्र ती चव नाही, तेव्हा घरी बसून वाट बघायची नाही.

पिल गनचा इथे खरा उपयोग होतो, गोळी जिभेच्या पुढच्या भागाला न लागता थेट मागे जाते. पण इथेच माझी पहिली तक्रार पण आहे. चीर अख्ख्या गोल गोळीच्या मापाची असते, अर्धी गोळी तिच्यात सैल बसते आणि नळी आडवी केली की टपकन खाली पडते, किंवा उलटं, घट्ट बसून दट्ट्या दाबला तरी बाहेरच येत नाही आणि तोवर मांजर पलंगाखाली. यावर मला सापडलेला उत्तम उपाय म्हणजे रिकामी जिलेटिन कॅप्सूल. ४ नंबरची बारीक मिळते, त्यात अर्धी गोळी टाकायची (मावत नसेल तर आणखी एक तुकडा करून), झाकण लावायचं, कडूपणा बंद, आणि कॅप्सूल टोकात बसतेही नीट. बाहेरून किंचित लोणी लावलं तर सरकते छान. फक्त कॅप्सूल आधीपासून ओली करून ठेवू नका, चिकट होते आणि मग टाळूला चिकटते.

पकडायची पद्धत नळीबरोबर आलेल्या कागदावर चित्रात दाखवलीये पण ते चित्र ज्याने काढलं त्याने मांजर पाळलेलं नसावं. समोरून जायचं नाही. मांजराला टेबलावर किंवा मांडीवर तोंड पुढे करून बसवायचं, आपण मागे, म्हणजे त्याला मागे सरकायला जागाच नाही. डाव्या हाताने डोकं वरून धरायचं, अंगठा आणि बोट गालाच्या हाडांवर, मिशा ओढल्या जाणार नाहीत असं बघून, नाक थोडं वर केलं की खालचा जबडा आपोआप सैल पडतो. नळी सुळ्याच्या मागच्या मोकळ्या जागेतून बाजूने आत, मग मध्यभागी वळवून जिभेच्या मागच्या भागावर, दट्ट्या, नळी बाहेर, तोंड बंद, डोकं परत खाली. गळा हलकेच चोळायचा. नाक चाटलं की समजायचं गिळली. नाही चाटलं तर थांबा, पिंट्या गोळी गालात धरून अगदी साळसूदपणे चालत जातो आणि सोफ्यामागे थुंकतो. जोरात खुपसू नका एवढं मात्र नक्की, टोक मऊ असलं तरी नळी कडक आहे आणि घशाच्या मागच्या भागाला खरचटू शकतं. आणि तोंड उघडून धापा टाकत असलेल्या, ओरडत असलेल्या मांजराला त्या क्षणी काहीच देऊ नका, गोळी श्वासनलिकेकडे जायची भीती असते. अर्ध्या तासाने दिली तर काही बिघडत नाही.

आता पाणी. पाकिटावर याबद्दल एक शब्द नाही आणि खरं तर सगळ्यात ठळक अक्षरात हेच पाहिजे होतं. मांजराने कोरडी गोळी गिळली की ती पोटात पोचेलच असं नाही, अन्ननलिकेत अडकून राहते, आपल्याला बाहेरून काहीही कळत नाही. काही औषधं तिथे अडकली की आतून जखम करतात आणि नंतर ती जागा आकसून अन्ननलिका अरुंद होते, डॉक्सिसायक्लिन आणि क्लिंडामायसिन ही ॲंटिबायोटिक्स याबाबतीत बदनाम आहेत. ॲलर्जीच्या गोळ्या तेवढ्या खतरनाक नाहीत, पण ॲलर्जीच्या मांजराला खाजवून खाजवून स्किन इन्फेक्शन होतं आणि मग ॲंटिबायोटिक येतंच, तेव्हा सवय आधीपासून लावलेली बरी. कुठलीही गोळी दिली की मागून ५-६ मिली पाणी, सुई नसलेल्या साध्या सिरिंजने, गालाच्या बाजूने, थोडं थोडं, मध्ये गिळायला वेळ देत, आणि या वेळी डोकं वर करायचं नाही, सरळ ठेवायचं. पाणी अजिबात घेत नसेल तर लगेच दोन घास ओलं खाणं द्या, तेही चालतं, डॉक्टरांनी ती गोळी उपाशीपोटीच द्या असं सांगितलं नसेल तर.

काही मॉडेलमध्ये नळीतच पाणी भरायची सोय असते, एकाच दाबात गोळी पण आणि पाणी पण. ऐकायला भारी वाटतं, मला पटलेलं नाही. नाक वर केलेलं असताना घशाच्या मागे पाण्याची धार सोडणं म्हणजे ठसक्याला आमंत्रण, आणि फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया. मी पाणी वेगळंच देते.

बनावट ठीकठाक. दट्ट्या सुरुवातीला कडक होता, नंतर मोकळा झाला. पण टोक ही याची कमजोर जागा आहे, धुताना निघून येतं (निघायलाच पाहिजे, नाहीतर आत बुरशी धरेल) आणि काही महिन्यांनी सैल पडायला लागतं. मांजराने चावून त्याचे तुकडे पाडले तर ते पोटात जाणार, त्यामुळे प्रत्येक वेळी वापरायच्या आधी एकदा ओढून बघते. जास्तीचं टोक सोबत देणारी असेल तर तीच घ्या.

बाकीचे पर्याय पण वापरून झालेत म्हणून थोडक्यात. गोळी लपवायचे ते मऊ खाऊ असतात, पोकळ, वासाचे, मांजर खाणारं असेल तर यासारखं सुख नाही आणि मग ही नळी घेऊच नका. अट एकच, डॉक्टरांनी खाण्याच्या ॲलर्जीसाठी आठ-एक आठवडे ठरावीक आहारावर ठेवलं असेल तर हे खाऊ बंद, त्यात चिकन नाहीतर मासा असतो आणि सगळी टेस्ट वाया जाते, तसंच फ्लेवर असलेली औषधं आणि जिलेटिनची कॅप्सूलही डॉक्टरांना विचारून. गोळी कुटून जेवणात मिसळणं हा सल्ला सगळे देतात आणि तो मला सगळ्यात वाईट वाटतो, कडू लागलं की मांजर ते खाणंच कायमचं सोडतं, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या जाड मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तर कुटायच्याच नसतात, सगळा डोस एकदम जातो.

सिरपचं म्हणाल तर लहान मुलांचं गोड सिरप मांजराला आवडेल असं वाटतं पण मांजराला गोड चव कळतच नाही, गोड ओळखणारं जे जीन लागतं ते त्यांच्यात मोडलेलं आहे, म्हणजे कडू तेवढं कळणार आणि साखर वाया. त्यापेक्षा मोठी गोष्ट, माणसांच्या पातळ औषधांत अल्कोहोल किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल असू शकतं आणि ही दोन्ही मांजराला नको. कानाच्या आत चोळायचं जेल पण काही ठिकाणी बनवून देतात, थायरॉईडच्या औषधासाठी ते चांगलं चालतं, ॲलर्जीच्या औषधांचं मात्र त्वचेतून किती आत जाईल याचा भरवसा नाही.

आणि गोळीबद्दल बोलायचं राहिलंच, नळी कितीही चांगली असली तरी आत चुकीची गोळी गेली तर काय उपयोग. घरात सर्दीची म्हणून जी पाकिटं पडलेली असतात त्यात सेटिरिझिनच्या जोडीला पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रिन, स्यूडोएफेड्रिन असलं काहीतरी असतं. पॅरासिटामॉल मांजराचं लिव्हर नीट निकामी करून बाहेर टाकूच शकत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, एका गोळीत मांजर जाऊ शकतं. नावापुढे इंग्रजी डी अक्षर असेल तर बहुतेक नाक मोकळं करणारं औषध आहे, तेही नाही. पाकिटाची मागची बाजू वाचा, त्यात एकच औषध असलं पाहिजे. क्लोरफेनिरामिन हे जुनं औषधही डॉक्टर देतात, त्याने काही मांजरं दिवसभर झोपतात आणि काही उलट येड्यासारखी पळत सुटतात, आणि लघवी अडकायची हिस्टरी असलेल्या बोक्याला असली औषधं द्यायच्या आधी डॉक्टरांना ती हिस्टरी नक्की सांगा. एखाद्या दिवशी डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी डबल करायचा नाही.

अपेक्षा पण जरा कमीच ठेवा. ॲंटिहिस्टामाइन, म्हणजे सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची औषधं, सगळ्या मांजरांना लागू पडत नाहीत, एक-दोन आठवडे देऊनच कळतं, पिंट्याची खाज कमी झाली पण बंद नाही झाली, सीझनमध्ये त्याला थोडे दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड लागतंच. तेही याच नळीने देतो. (प्रेडनिसोलोनच, प्रेडनिसोन नाही, मांजराच्या शरीरात दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर नीट होत नाही, आणि मनाने एकदम बंद करायचं नाही.) ते चालू असताना पाणी आणि लघवी वाढते तेव्हा घाबरू नका पण डॉक्टरांना सांगा, कारण यातून डायबेटिससुद्धा होऊ शकतो.

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा टोकासाठी कापला आणि एक त्या कागदासाठी, ज्यात पाण्याचा उल्लेखच नाही. चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरांसाठी घेणार असाल तर आधी डॉक्टरांकडून एकदा करून दाखवायला सांगा, त्यांचं तोंड आखूड असतं, नळी अंदाजापेक्षा लवकर घशाला लागते आणि डोकं वर धरून ठेवलं की श्वासाचा त्रास होतो. पिल्लांसाठी बारीक टोकाची वेगळी येते, मोठ्या मांजराची वापरू नका. आणि पार्सल आलं की पहिल्यांदा टोक जोरात ओढून बघा, हातात आलं तर मांजराला दाखवायच्याही आधी परत करून टाका.