सरकारी वकील, मोफत वकील की पैशाचा वकील? आश्रमशाळेतल्या अत्याचारानंतर कुणाकडे जावं

सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात एका आईनं मला विचारलं होतं, "बाई, एवढे काळे कोटवाले हायेत, यातला आपला कोणता?" हातात पन्नीची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, पोरीचा दाखला आणि घड्यांवर फाटायला आलेली एफआयआरची प्रत. गुन्हा नोंदून चार महिने झाले होते. सरकारी वकील आपल्या पोरीचा वकील आहे, असंच ती धरून चालली होती.

विधी स्वयंसेविका म्हणून काम करताना हा गैरसमज मला सगळ्यात जास्त भेटतो. सरकारी वकील शासनाचा असतो. आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून तो खटला चालवतो आणि मुख्य सूत्रं त्याच्याच हातात राहतात. त्याला एक पैसा द्यायचा नाही, कुणी मागितला तर तिथंच सावध व्हायचं. पण मदतीचा अर्ज करणं, जामिनाच्या वेळी तुमची भीती कोर्टाला सांगणं, मुख्याध्यापकाचं नाव आरोपींत का नाही हे विचारणं, यासाठी त्याच्याकडे वेळ नसतो. त्याच्यावर अवलंबून राहावंच लागतं, पण फक्त त्याच्यावर राहू नये.

दुसरा पर्याय मोफत वकिलाचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याप्रमाणे स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम ४० मध्येही हे वेगळं लिहिलंय: मुलाच्या घरच्यांना स्वतःच्या पसंतीचा वकील घेता येतो आणि ऐपत नसेल तर प्राधिकरणानं तो द्यायचा. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरणाचे सचिव बसतात, ते स्वतः न्यायाधीश असतात. साधा कागद चालतो. १५१०० वर फोन केला तरी चालतो.

उणीव लपवत नाही. पॅनेलच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीवरच्या, वकिलाचं मानधन तुटपुंजं असतं, हातात फाइली पुष्कळ, तारखेला गैरहजर राहणारेही मी पाहिलेत. तसं झालं तर वकील बदलून द्या म्हणून सचिवांकडे अर्ज करता येतो. लोक करत नाहीत, "फुकटातलं हाय, कोणत्या तोंडानं बोलावं" म्हणतात. हा उपकार नाही, हक्क आहे.

तिसरा, पैशाचा वकील. शेत गहाण टाकून तालुक्यातला नावाजलेला वकील लावायची घाई बहुतेक घरांत होते. इथं एक गोष्ट कुणी सांगत नाही: फौजदारी खटल्यात तुमचा खाजगी वकील सरकारी वकिलाच्या मार्गदर्शनाखालीच काम करतो आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीनं लेखी युक्तिवाद देतो. मोफत वकिलाचेही अधिकार नेमके तेवढेच. म्हणजे पैसे मोजून अधिकार वाढत नाहीत, फार तर माणूस जास्त वेळ देतो. हायकोर्टात जायची वेळ आली तर नागपूर खंडपीठातही विधी सेवा उपसमिती आहे, तिथंही वकील मोफत मिळतो.

पैशापेक्षा मोठा धोका वेगळाच. आपल्याकडे शिक्षणसंस्था म्हणजे नुसती शाळा नसते. संचालकाची पतसंस्था असते, बाजार समितीत माणसं असतात, निम्म्या गावाची पोरं त्याच्याकडे नोकरीला असतात. तालुक्याच्या वकील संघातल्या वीस-पंचवीस वकिलांपैकी कुणी ना कुणी त्याच संस्थेचं काम केलेलं असतं. म्हणून वकील मोफत असो की पैशाचा, वकीलपत्रावर सही करण्याआधी पहिला प्रश्न एकच: या संस्थेचं किंवा तिच्या लोकांचं काम तुम्ही कधी केलंय का? माझा सल्ला, अर्जातच लिहा की जिल्ह्याच्या पॅनेलवरचा वकील द्या. एसटीचं भाडं वाढेल, धारणीच्या माणसाला अमरावती म्हणजे दीडेकशे किलोमीटर, पण फाइल संचालकाच्या ओळखीच्या टेबलावर जाणार नाही.

चौथी मदत सामाजिक संस्थांची. जबाबाला सोबत बसणं, दवाखान्यात नेणं, पोरगी रात्री ओरडत उठते तेव्हा काय करायचं ते आईला सांगणं, यात संस्थांची बरोबरी कुणी करत नाही. बालकल्याण समितीकडून पोरीसाठी सहायक व्यक्तीही मागता येते. मात्र फोटो आणि पत्रकार परिषदेची हौस असलेल्यांपासून दूर राहा. मुलीची ओळख पटेल असं काही छापायला पोक्सोच्या कलम २३ नं मनाई आहे, गावाचं आणि शाळेचं नावसुद्धा त्यात येतं.

वकील लवकर का हवा, त्याचं कारण एफआयआरमध्ये असतं. कोठडीत, सरकारी आश्रयस्थानात झालेल्या बलात्काराला कायद्यात वेगळी, जड शिक्षा १९८३ मध्ये आली, ती आपल्या गडचिरोलीकडच्या देसाईगंजच्या प्रकरणामुळे. १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं आणि देशभर संताप उसळला. आज पोक्सोच्या कलम ५ मध्ये, म्हणजे जास्त गंभीर धरलेल्या अत्याचारात, शाळेचे, वसतिगृहाचे कर्मचारी येतात, आणि कलम ६ खाली २०१९ पासून किमान शिक्षा २० वर्षं आहे. पण ठाण्यात घाईत साधं कलम ४ लागलेलं मी पाहिलंय. घटना माहीत असून न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, तेही बरेचदा गाळलेलं असतं. तुमचा वकील पहिल्या आठवड्यात हे वाचेल तर अर्ज जाईल. पोरगी कोरकू, कोलामी किंवा माडिया बोलत असेल तर जबाबाला दुभाषी मागायचा, हेही त्याच आठवड्यातलं काम. "सर झोपायला आले" आणि "सर झोपवायला आले" यातला फरक मराठीत उतरला नाही तर पुढं उलटतपासणीत पोरीलाच घाम फुटतो.

पैशाच्या मदतीचे तीन रस्ते आहेत. पीडितांना मदत देणारी राज्य सरकारची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, अर्ज जिल्हा प्राधिकरणाकडे जातो आणि गंभीर प्रकरणात मदत १० लाखांपर्यंत जाते. दुसरा, पोक्सोचं विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकतं, आरोपी सुटेल की नाही याची वाट पाहायची गरज नाही. तिसरा अॅट्रॉसिटीचा: पीडित अनुसूचित जाती-जमातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे बलात्काराच्या गुन्ह्यात ५ लाख, त्यातले निम्मे वैद्यकीय तपासणी आणि अहवालानंतर. माझ्या मते यातला लवकर हातात येणारा हाच, पण जातीचा दाखला नसला की अडकतो. मिळालेल्या रकमेत टक्का मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि "पैशासाठी केलं" हे ऐकायची तयारी ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या अत्याचार प्रकरणात २०१९ मध्ये हे जाहीरपणे बोललं गेलं होतं.

ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाला आणि आज वय तीस आहे, त्यांनाही दार बंद नाही. अशा गंभीर गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नसते. १४ नोव्हेंबर २०१२ च्या आधीची घटना असेल तर पोक्सो लागत नाही, त्या वेळचा भारतीय दंड संहितेचा गुन्हा लागतो. पुरावा जुना असतो, म्हणून इथं आधी वकील आणि मग ठाणं, हा क्रम मी सुचवते.

त्या व्हरांड्यातल्या आईला पॅनेलचा वकील मिळाला. तिनं पन्नी छातीशी धरून त्याला विचारलं, "सायेब, त्या संस्थेचं काम तुमी केलं का कधी?" तो थांबला, म्हणाला, माझा साळा तिथं शिक्षक आहे. तिनं त्याला नमस्कार केला. खाली उतरून आम्ही दुसरा अर्ज लिहिला, सही तिनं केली, "वकील बाहेरचा द्या" ही ओळ मात्र मला दोनदा वाचून दाखवायला लावली.